बॉबी जोन्सचे हॉलिवूडमधले गोल्फपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या लघुपटांबद्दल बोलताना या मालिकेचं नाव मी काढलं, की तेच ते प्रश्न पुढे येतात. गोल्फ खेळणारे एक विचारतात, सिनेमावेडे दुसरंच विचारतात. दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

हे नेमके कोणते चित्रपट?

वॉर्नर ब्रदर्सने काढलेल्या छोट्या बोलपटांच्या दोन मालिका. पहिली १९३१ ची 'हाउ आय प्ले गोल्फ', म्हणजे 'मी गोल्फ कसा खेळतो'. तिचे बारा भाग आहेत. दुसरी १९३३ ची 'हाउ टू ब्रेक नाइन्टी', तिचे सहा. एकूण अठरा. गोल्फच्या मैदानालाही अठराच होल, म्हणजे चेंडू घालायची भोकं, असतात, त्यामुळे आकडा लक्षात राहतो. प्रत्येक भाग साधारण दहा मिनिटांचा, एका रिळाचा. दोन्ही मालिकांचा दिग्दर्शक जॉर्ज मार्शल, आणि मध्यवर्ती माणूस बॉबी जोन्स. त्याच्याभोवती हॉलिवूडचे त्या वेळचे गाजलेले चेहरे येतात, चुकीचे फटके मारतात, वैतागतात आणि त्याच्याकडून शिकतात.

'ब्रेक नाइन्टी'चा अर्थ हमखास विचारला जातो. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितकं चांगलं. अठरा होल पुरे करायला मुरलेल्या खेळाडूला सत्तर-बहात्तर फटके लागतात, हौशी माणसाचे सहज शंभर होतात. नव्वदच्या आत येणं हे रविवारी खेळणाऱ्या सामान्य माणसाचं स्वप्न असतं. ही मालिका त्या माणसासाठी केलेली होती.

बॉबी जोन्स कोण? एका खेळाडूचं एवढं कौतुक कशासाठी?

रॉबर्ट टायर जोन्स, जन्म १७ मार्च १९०२, जॉर्जिया राज्यातलं अटलांटा शहर. जॉर्जिया टेकमधून यंत्र अभियांत्रिकी, हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य, मग एमोरी विद्यापीठात कायद्याचा अभ्यास आणि शेवटी वकिली. हे सगळं करता करता तो जगातला सर्वांत मोठा गोल्फ खेळाडू झाला, आणि तोही हौशी. स्पर्धेच्या बक्षिसाचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. गोल्फ हा त्याचा धंदा नव्हता.

१९३० साली त्याने एकाच मोसमात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या. मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश हौशी स्पर्धा, जूनमध्ये हॉयलेकला ब्रिटिश ओपन (ओपन म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांसाठी खुली), जुलैत मिनियापोलिसजवळच्या इंटरलाकेनला अमेरिकन ओपन आणि सप्टेंबरात फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनला अमेरिकन हौशी स्पर्धा. या चारही एका वर्षात जिंकणारा तो एकटाच. त्या वर्षी न्यूयॉर्कने त्याची कागदांचा पाऊस पाडत मिरवणूक काढली, आणि ती त्याची दुसरी मिरवणूक होती. पहिली १९२६ मध्ये निघाली होती.

मला मात्र जोन्सची आठवण येते ती १९२५ च्या अमेरिकन ओपनमुळे. फटक्याची तयारी करताना चेंडू किंचित हलला असं त्याला वाटलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला. त्या स्पर्धेत शेवटी बरोबरी झाली आणि निर्णायक सामन्यात तो हरला. लोकांनी कौतुक केलं तेव्हा त्याला ते आवडलं नाही. बँक लुटली नाही म्हणून कुणाचं कौतुक करायचं का, असा त्याचा सूर होता. पडद्यावर तो इतका शांत आणि खरा का वाटतो, ते मला या प्रसंगावरून कळलं.

सगळं जिंकल्यावर तो सिनेमात का गेला?

नोव्हेंबर १९३० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने स्पर्धात्मक गोल्फमधून निवृत्ती जाहीर केली आणि त्याच वेळी वॉर्नर ब्रदर्सशी केलेला करारही सांगून टाकला. पहिल्या बारा भागांसाठी १,२०,००० डॉलर ठरले होते. मंदीच्या ऐन काळात ही रक्कम प्रचंड होती.

क्रम इथे महत्त्वाचा आहे. हौशी खेळाडूने गोल्फच्या जोरावर पैसे मिळवू नयेत, असा त्या काळचा कडक संकेत होता. जोन्सने पळवाट शोधली नाही. चित्रपटांचे पैसे घेणं हौशीपणाच्या भावनेत बसत नाही, हे त्याने मान्य केलं, आधी स्पर्धांतून बाजूला झाला आणि मग कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. मोठ्या स्पर्धांचा ताण त्याला सोसत नसे, एकेका स्पर्धेत त्याचं वजन कित्येक पौंडांनी उतरे. म्हणून केवळ पैशासाठी तो गेला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कोणकोणते कलाकार दिसतात? त्यांना किती पैसे मिळाले?

जेम्स कॅग्नी, एडवर्ड जी. रॉबिन्सन, जो ई. ब्राउन, लोरेटा यंग, जोन ब्लॉन्डेल, डग्लस फेअरबँक्स ज्युनियर, रिचर्ड बार्थेलमेस, वॉल्टर ह्यूस्टन, वॉर्नर ओलंड, गाय किबी, डब्ल्यू. सी. फील्ड्स. यादी अजून लांबते.

पैशाचं उत्तर ऐकून लोक चकित होतात. बहुतेकांनी फुकट काम केलं. जोन्सकडून प्रत्यक्ष शिकायला मिळणं हेच त्यांचं मानधन. हॉलिवूडला तेव्हा गोल्फचं वेड लागलं होतं. स्टुडिओत दिवसभर राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी मैदान गाठायचं, असा रिवाज होता. अशा माणसांना घरबसल्या जगातला सर्वोत्तम गुरू मिळाला.

एडवर्ड जी. रॉबिन्सनचं उदाहरण घ्या. १९३१ च्या जानेवारीत 'लिटल सीझर' आला आणि अमेरिकेने त्याला टोळीचा निर्दय म्होरक्या म्हणून डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी हा माणूस गोल्फची काठी धरून एका वकिलासमोर आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा उभा राहिलेला लोकांनी पाहिला. कॅग्नीचंही तेच. नावाजलेल्या माणसांना एखादी गोष्ट जमत नाही आणि ती जमावी अशी त्यांची मनापासून इच्छा आहे, हे पाहण्यातला आनंद या भागांनी फार लवकर ओळखला होता. मालिकेचा खरा जीव त्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

एका भागात घडतं काय? शिकवणी असते की विनोद?

दोन्ही. सुरुवातीला एक छोटंसं कथानक येतं. कुणी मैदानावर अडकलंय, कुणाची पैज लागलीय, कुणाचं घरच्यांशी गोल्फवरून वाजलंय. तेवढ्यात जोन्स सहज चालत येतो, काय चुकतंय ते पाहतो आणि समजावून सांगतो. अटलांटाचा क्रीडापत्रकार ओ. बी. कीलर अधूनमधून साथीला असतो. कीलर त्याच्यासोबत वर्षानुवर्षं स्पर्धांना फिरला होता, त्याने जोन्सची तेराही मोठी विजेतेपदं डोळ्यांनी पाहिली होती. चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकण्यासाठी ब्रिजच्या डावातला 'ग्रँड स्लॅम' हा शब्द गोल्फमध्ये आणण्याचं श्रेयही बहुतेक जण त्यालाच देतात.

कथानकं पातळ आहेत, हे मी लपवणार नाही. काही भागांत तर विनोद ओढूनताणून आणलेला आहे. पण जोन्स बोलू लागला की चित्र पालटतं. त्याचं शिकवणं पाठ केलेल्या संवादांसारखं वाटत नाही. दक्षिणेकडचा तो सावकाश, मऊ उच्चार, समोरच्याला कमीपणा न आणता चूक दाखवण्याची पद्धत, आणि नट मंडळींच्या चेहऱ्यावरचा खराखुरा ताण. हशा पिकतो तो त्या ताणातून. ज्याने कधी कुणाकडून पेटी, पोहणं किंवा गाडी चालवणं शिकलंय, त्याला तो चेहरा ओळखू येईल.

दिग्दर्शक मार्शललाही श्रेय द्यायला हवं. लॉरेल-हार्डीचे काही उत्तम लघुपट त्याने लगेच १९३२ मध्ये केले. विनोदी नटाला मोकळं सोडायचं आणि कॅमेरा शांत ठेवायचा, हे त्याला उमगलं होतं.

बारा भागांचा क्रम उलटा का वाटतो?

कारण तो मुद्दाम तसा लावला आहे. पहिला भाग पटरचा, म्हणजे भोकाजवळ चेंडू हळूच ढकलण्याच्या काठीचा. मग चिप शॉट, म्हणजे जवळून मारायचा छोटा उचल फटका, मग निब्लिक, मॅशी-निब्लिक, मधल्या आणि मोठ्या लोखंडी काठ्या, स्पून, ब्रॅसी आणि नवव्या भागात ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी. शेवटी अडचणीचे फटके, सराव आणि बाराव्यात एक पूर्ण फेरी. मैदानावर माणूस ड्रायव्हरने सुरुवात करतो आणि पटरने संपवतो. इथे भोकापासून मागे मागे जायचं. लहान हालचाल नीट बसली की मोठी तिच्यातूनच वाढते, हा विचार त्यामागे दिसतो. गायनात आधी खर्जाचे सूर घोटून घेतात, त्याची मला आठवण होते.

निब्लिक, मॅशी, ब्रॅसी, स्पून : ही कसली नावं?

काठ्यांना क्रमांक पडण्याआधीची नावं. निब्लिक म्हणजे आजची साधारण ९ क्रमांकाची लोखंडी काठी, मॅशी-निब्लिक ७ च्या आसपास, मॅशी ५ च्या. ब्रॅसी आणि स्पून म्हणजे अनुक्रमे २ आणि ३ क्रमांकाच्या 'वुड', म्हणजे लांब फटक्यांच्या लाकडी डोक्याच्या काठ्या. जोन्सने १९३० च्या चारही स्पर्धा हिकरीच्या लाकडी दांड्यांनी जिंकल्या. पोलादी दांड्यांना तेव्हा मान्यता मिळालेली होती, तरीही. त्याच्या आवडत्या पटरला 'कॅलॅमिटी जेन' असं नाव होतं. १९३२ मध्ये स्पॉल्डिंग कंपनीने त्याच्या नावाचे, पोलादी दांड्यांचे आणि क्रमांक घातलेले संच बाजारात आणले आणि ही जुनी नावं हळूहळू मागे पडत गेली. या मालिकेत ती अजून जिवंत ऐकू येतात.

डब्ल्यू. सी. फील्ड्स कोणत्या भागात आहे?

१९३३ च्या मालिकेतल्या 'हिप अॅक्शन'मध्ये. सोबत वॉर्नर ओलंड आणि विल्यम डेव्हिडसन आहेत. हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि ते रास्तच आहे, कारण गोल्फचा विनोद आणि फील्ड्स यांचं नातं जुनं होतं.

फील्ड्स मुळात चेंडू झेलण्याचे खेळ करणारा कसरतपटू, आणि त्यातला अव्वल दर्जाचा. १९१८ च्या 'झीगफील्ड फॉलीज' या न्यूयॉर्कमधल्या नाच-गाण्यांच्या रंगमंचीय कार्यक्रमात त्याने गोल्फवरचं एक प्रहसन रंगमंचावर केलं. पुढे तेच प्रहसन तो वेगवेगळ्या रूपांत सिनेमात वापरत राहिला. १९३० चा 'द गोल्फ स्पेशालिस्ट' हा त्याचा पहिला बोलपट. साधारण वीस मिनिटांचा, आरकेओ स्टुडिओचा, दिग्दर्शक मॉन्टी ब्राइस. एक लबाड गृहस्थ हॉटेलातल्या पहारेकऱ्याच्या बायकोला गोल्फ शिकवायला निघतो. चेंडू समोर आहे, काठी हातात आहे, आणि फटका काही बसत नाही. काठ्या वाहणाऱ्या कॅडीचे बूट करकरतात, कागद उडत येऊन पायाशी घोटाळतो, पायाला चिकटलेली वस्तू हाताला लागते आणि हाताची काठीला. प्रत्येक वेळी तो पुन्हा पवित्रा घेतो.

हे इतकं सफाईने जमतं ते कसरतपटूच्या हातांमुळे. चेंडू कधीही न पाडणारे हातच काठी अशी वेडीवाकडी धरू शकतात. तबलजीने मुद्दाम ताल चुकवून दाखवावा, तशातली ही गोष्ट. 'हिप अॅक्शन' पाहण्याआधी 'द गोल्फ स्पेशालिस्ट' पाहिलात तर जोन्ससमोर उभा राहिलेला फील्ड्स वेगळाच दिसेल : एक जण पंधरा वर्षं फटका न मारण्याची कला घोटत आलेला, दुसरा फटका मारण्यात जगात पहिला.

'हिप अॅक्शन' म्हणजे काय? कंबर हलवायची?

कंबर फिरवायची. काठी मागे नेल्यावर खाली आणताना बहुतेक नवखे आधी हात खेचतात. जोन्सचं म्हणणं असं, की सुरुवात कमरेपासून व्हायला हवी. कंबर डावीकडे उलगडते, तिच्यामागून खांदे, मग हात आणि सगळ्यांत शेवटी काठीचं टोक. लहानपणी विटीदांडू खेळलेल्यांना हे शब्दांत सांगावं लागणार नाही. नुसत्या मनगटाने मारलेला टोला आणि अंग वळवून मारलेला टोला यांत विटी किती लांब जाते, ते त्यांना ठाऊक आहे.

हे दाखवण्यासाठी केलेली एक युक्ती मला फार आवडते. काळ्या पार्श्वभूमीवर जोन्सला अर्धे काळे, अर्धे पांढरे कपडे घालून उभं केलं आहे. काळा भाग अंधारात मिसळतो आणि शरीराचा हवा तेवढाच भाग उजळून हलताना दिसतो. जोडीला मंदगती चित्रण आहेच. संगणक नसताना केवळ शिंप्याच्या आणि प्रकाशयोजनेच्या मदतीने केलेलं हे काम आजही स्वच्छ कळतं.

मला गोल्फ अजिबात येत नाही. कळेल का?

कळेल. मीही गोल्फ खेळत नाही. 'चेंडू स्थिर आहे, तरी बसत नाही' एवढं कळलं की झालं. क्रिकेटमध्ये चूक झाली तर गोलंदाजाला श्रेय देता येतं, खेळपट्टीला दोष देता येतो. इथे समोर कुणीच नसतं. चेंडू वाट पाहत बसलेला असतो आणि मागे चार लोक गप्प उभे असतात. विनोदी नटाला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. लॉरेल-हार्डी, थ्री स्टूजेस, डिस्नेचा गूफी, सगळे जण गोल्फच्या मैदानावर येऊन गेले ते त्यामुळेच. ऑलिव्हर हार्डी तर प्रत्यक्षातही चांगला गोल्फ खेळायचा.

खेळणाऱ्याला आज उपयोग होईल का?

काठ्या, चेंडू, मैदानं सगळं बदललं आहे, तेव्हा शब्दशः अनुकरण करू नये. जोन्सच्या स्विंगमधला लांब, सैल झोका हिकरीच्या लवचीक दांड्याला साजेसा होता. पण पकड सैल ठेवणं, घाई न करणं, पटिंगच्या वेळी पाय जवळ घेऊन सहज उभं राहणं, ही नजर अजून उपयोगाची आहे. मला कळतं तेवढ्यावरून सांगतो : शिकवण्यापेक्षा त्याचा ताल पाहा. दोन-तीन भाग आवाज बंद करूनही पाहावेत.

हे भाग आपल्याकडे तेव्हा कुणाला ठाऊक होते का?

त्याबद्दल मला सांगता येणार नाही, पण काळाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि आपला पडदा बोलू लागला. पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. म्हणजे आपण पडद्यावरचा पहिला आवाज ऐकत होतो त्याच वर्षी हॉलिवूड मोकळ्या मैदानावर, वाऱ्यात, गोल्फचा धडा बोलता करत होतं. हे लक्षात ठेवून पाहिलं की आवाजातली खरखर कानाला खुपत नाही.

काही खटकण्यासारखं आहे का?

आहे. हे जग श्रीमंत, गोऱ्या क्लबांचं आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत सभासदत्व फक्त गोऱ्यांना असं उघड कलम होतं. जोन्सने स्वतः उभारलेल्या ऑगस्टा नॅशनल क्लबात पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये आला, आणि स्त्रिया २०१२ मध्ये. पडद्यावर जे हसतंखेळतं वातावरण दिसतं त्याच्या कुंपणाबाहेर कोण होतं, हे मुलांसोबत पाहताना जरूर सांगावं. मी सांगतो.

इतकी वर्षं हे चित्रपट होते कुठे?

गोदामात. मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे लघुपट म्हणून ते आले, चालले आणि डब्यांत बंद झाले. कित्येक दशकं कुणाला पाहायला मिळाले नाहीत. पुढे गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक इली कॅलवे याने पुढाकार घेतला. तो जोन्सचा लांबचा नातलग. त्याच्यामुळे ते व्हिडिओवर आले आणि वाचले.

सगळे अठरा सलग पाहावेत का?

नकोत. साचा सारखाच असल्यामुळे चौथ्या-पाचव्या भागाला थकवा येतो. ते थोड्या थोड्या अंतराने पाहण्यासाठीच बनवले होते. आधी 'द गोल्फ स्पेशालिस्ट', मग पहिला 'पटर', मग 'हिप अॅक्शन'. आवडलं तर बाकीचे रोज एक.

नटांनी गोल्फ खेळायचं आणि लोकांनी पाहायचं, हा प्रकार पुढे वाढला का?

खूपच. गायक-नट बिंग क्रॉस्बीने १९३७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रँचो सांता फे इथे व्यावसायिक खेळाडू आणि हौशी मित्र यांची जोडी लावून स्पर्धा सुरू केली. पहिली सॅम स्नीडने जिंकली. १९४७ पासून ती पेबल बीचला गेली आणि आजही वेगळ्या नावाने होते. तिथल्या प्रेक्षकांतही जो कुतूहलाचा भाव असतो, तो १९३१ च्या या रिळांत आधीच पकडलेला आहे.

जोन्सचं पुढे काय झालं?

मैदानांचा रचनाकार अॅलिस्टर मॅकेन्झी याच्या साथीने त्याने जॉर्जियात ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभारलं. १९३४ मध्ये तिथे सुरू झालेली स्पर्धा म्हणजे गोल्फच्या मोठ्या स्पर्धांपैकी एक, आजची मास्टर्स. जोन्स १९४८ पर्यंत तिच्यात यजमान म्हणून खेळला. त्यानंतर मात्र पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या दुर्मीळ आजाराने त्याला गाठलं. आधी काठी, मग कुबड्या, मग चाकांची खुर्ची. १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूज शहराने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो दुसरा अमेरिकन. १८ डिसेंबर १९७१ ला तो गेला.

हे वाचून झाल्यावर पहिल्या मालिकेतला कुठलाही भाग पुन्हा लावा. एकोणतीस वर्षांचा जोन्स गवतावरून चेंडूकडे येतो, फार वेळ न घालवता उभा राहतो आणि कंबर वळते.